सिव्हिलमधली मानसोपचाराची खोली: पैसा कुठून येतो, माणसं का टिकत नाहीत

२०२८ च्या मे महिन्यात एक सरकारी मुदत संपते आहे. फारशा कुणाच्या ती ध्यानात नसेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा संसदेने २०१७ साली केला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम ३१ मध्ये एक रुक्ष वाक्य आहे. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा: कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत, लोकसंख्येच्या मानाने जगात जेवढी गरजेची मानली जातात तेवढी मानसिक आरोग्याची माणसं सरकारने उभी करायची. सरकार म्हणजे केंद्र आणि राज्य, दोन्ही.

किती माणसं? आपल्याकडच्या चर्चेत साधारण लाखामागे तीन मनोविकारतज्ज्ञ हा आकडा धरतात. प्रत्यक्षात देशात लाखामागे ०.७५ आहेत. म्हणजे लाख माणसांच्या वाट्याला पाऊण डॉक्टर. हा पाऊणसुद्धा सगळीकडे सारखा वाटलेला नाही. तो पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत आणि बहुतेक खासगी दवाखान्यांत बसलेला आहे. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती १०.७३ लाख होती. लाखामागे तीन धरले तर तिथे ३२ मनोविकारतज्ज्ञ हवेत. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलपट्ट्यात असे ३२ जण पाट्या लावून बसलेत, असं चित्र डोळ्यासमोर आणून बघा.

इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीतल्या २०१९ च्या एका लेखात देशातल्या मनोविकारतज्ज्ञांची संख्या अंदाजे ९,००० धरली होती, आणि दरवर्षी साधारण ७०० नवे तयार होतात असं म्हटलं होतं. गरज ३६,००० ची. उरलेले २७,००० वर्षाला सातशे या वेगाने भरायला ३८ वर्षांहून जास्त काळ लागतो, तोही कुणी निवृत्त होणार नाही आणि परदेशी जाणार नाही असं धरून. त्यामुळे २०२८ च्या मुदतीचं काय होणार हे उघड आहे. पण 'डॉक्टरच नाहीत हो' असं म्हणून विषय मिटवता येत नाही, कारण खरी गोम डॉक्टरांच्या संख्येपेक्षा दुसरीकडे आहे. ती कळायला आधी सरकारी सेवा म्हणजे नेमकं काय, ते बघावं लागेल.

चार इस्पितळं आणि एक खोली

कट्ट्यावर कुणाला वेड्यात काढायचं झालं की आपण गावांची नावं घेतो. कोकणात म्हणतात याला रत्नागिरीला न्या, मुंबईकडे म्हणतात ठाण्याला भरती करा, पुण्यात येरवडा. नागपूरकर तर 'पागलखाना चौक' असा सरळ पत्ताच सांगतात. ही थट्टा म्हणजे महाराष्ट्राच्या मानसिक आरोग्यसेवेचा जुना नकाशा आहे. येरवडा २,५४० खाटा, ठाणे १,८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. राज्य सरकारची ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, चारही ब्रिटिश अमदानीत सुरू झालेली. मिळून ५,६९५ खाटा. मराठवाड्याच्या वाट्याला यातलं एकही आलं नाही. जालन्याला नवं उभारायचा निर्णय अगदी अलीकडच्या वर्षांतला.

या इस्पितळांचा पैसा राज्याच्या स्वतःच्या अर्थसंकल्पातून येतो. पगार, जेवण, धोबी, इमारतींची डागडुजी यांत त्यातला मोठा भाग जातो. महाराष्ट्राचं हे वेगळेपण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार मध्यम उत्पन्नाच्या देशांत मानसिक आरोग्यावरच्या खर्चातले ७० टक्क्यांहून जास्त पैसे मनोरुग्णालयांवरच जातात. भिंती सांभाळण्यात पैसा संपतो आणि भिंतीबाहेरच्या रुग्णासाठी चिल्लर उरते.

भिंतीबाहेरच्या रुग्णाचा विचार आपल्याकडे झाला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९८५ ते १९९० या काळात बेल्लारी जिल्ह्यात एक प्रयोग केला: साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांना शिकवायचं, औषधं तिथेच द्यायची, अवघड रुग्ण तेवढे वर पाठवायचे. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो देशातल्या जवळजवळ सगळ्या जिल्ह्यांत, निदान कागदावर तरी, आहे.

तुमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये ओपीडीच्या लांबलचक बोळात, बहुधा टोकाला, 'मानसोपचार विभाग' अशी पाटी असलेली एक खोली असते. तोच हा कार्यक्रम. तिथे कोण कोण असायला हवं? मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात एमडी किंवा डिप्लोमा केलेला, औषधं लिहून देणारा डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, जो चाचण्या घेतो आणि बोलून उपचार करतो. सायकियाट्रिक सोशल वर्कर, जो घर, नोकरी, नातेवाईक, अपंगत्वाचा दाखला हे सगळं बघतो. सायकियाट्रिक नर्स, समाजात फिरणारी नर्स, नोंदी ठेवणारा माणूस, वॉर्डातला मदतनीस. शिवाय जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा विभाग.

बाराव्या पंचवार्षिक योजनेत या सगळ्यासाठी एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये ठरवले होते. जिल्ह्याची वस्ती ३० लाख धरा आणि भागाकार करा. माणशी वर्षाला पावणेतीन रुपये. कटिंग चहासुद्धा येत नाही.

पैशाचा प्रवास

आता तो पैसा जिल्ह्यात पोचतो कसा ते बघू, कारण घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतो. त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. राज्य आपला आराखडा केंद्राकडे पाठवतं, तिकडून मंजुरी येते, मग केंद्राचा हप्ता राज्याच्या तिजोरीत, त्यात राज्याचा हिस्सा, तिथून राज्य आरोग्य सोसायटी, तिथून जिल्हा. प्रत्येक टप्प्यावर सही, आणि प्रत्येक सहीला आधीच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र. सरकारी भाषेत 'यूसी'. मागचा खर्च दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. नियम म्हणून यात चूक काही नाही. पण जिल्ह्याच्या हातात पैसे वर्ष निम्मं सरल्यावर पडतात आणि मार्चएन्डला ते संपवायचे असतात. औषधांची खरेदी आणि नेमणुका या दोन्ही गोष्टी चार महिन्यांत उरकता येत नाहीत. बॅनर आणि कार्यशाळा मात्र उरकता येतात. जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या १० ऑक्टोबरच्या प्रभातफेऱ्या आणि रांगोळी स्पर्धा आपल्याकडे एवढ्या जोमात का होतात, याचं अर्धं उत्तर इथे सापडेल.

केंद्राच्या अर्थसंकल्पात 'राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम' अशी वेगळी ओळही असायची. ती बघून अनेकांचा गोंधळ व्हायचा. ती ओळ जिल्ह्यांसाठी नसायची. मोठ्या संस्था, उत्कृष्टता केंद्रं, पदव्युत्तर जागा वाढवणं यांसाठी ती असायची. म्हणजे माणसं तयार करण्याचा पैसा तो. २०१९-२० साली तिथे ४० कोटींची तरतूद होती. वर्ष संपत आलं आणि सुधारित अंदाज आला तेव्हा ती ५ कोटींवर आली होती. कारण पैसे उचललेच गेले नव्हते.

हे चक्र नीट समजून घ्या, कारण सगळा विषय याच्याभोवती फिरतो. पद रिकामं राहतं, म्हणून पगाराचे पैसे उरतात. पैसे उरले की अर्थखातं म्हणतं, 'यांना लागतच नाहीत', आणि पुढच्या वर्षी तरतूद छाटतं. तरतूद छाटली की पगार वाढवता येत नाही, नवं पद काढता येत नाही. पगार कमी म्हणून पद रिकामं राहतं. पैशाचा प्रश्न आणि माणसांचा प्रश्न असे दोन प्रश्न आपण समजतो. प्रत्यक्षात ती एकच गाठ आहे, दोन्ही टोकांनी ओढली की आणखी घट्ट बसणारी.

आणि पैसा वाढला तरी तो जातो कुठे तेही बघायला हवं. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकट्या निमहान्सला सुमारे ७२१ कोटी होते, आणि टेलिमानस या दूरध्वनी सेवेला सुमारे १३४ कोटी. निमहान्स देशातली अव्वल संस्था आहे, तिला पैसे मिळू नयेत असं कुणी म्हणणार नाही. टेलिमानसही कामाची. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन लागतो, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता घरात कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल तर हा नंबर जवळ असलेला बरा. पण फोनवरचा समुपदेशक शेवटी काय सांगणार? 'तुमच्या जिल्हा रुग्णालयात जा.' तिथली खुर्ची रिकामी असेल तर फोन ठेवल्यानंतरचा रस्ता संपला.

अकरा महिन्यांची ऑर्डर

माझे एक चुलते गेली वीसेक वर्षं लिथियम घेतात. त्यांना बायपोलर आजार आहे: कधी महिनोन्‌महिने उत्साहाचं उधाण, कधी अंथरुणातून उठवत नाही. लिथियम हे जुनं, स्वस्त आणि गुणी औषध. फक्त त्याचा लाभदायक डोस आणि विषारी डोस यांत अंतर थोडं असतं, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासून प्रमाण बघावं लागतं. काका हे औषध एका सरकारी रुग्णालयातून घ्यायचे. एका वर्षी तिथे सलग काही आठवडे लिथियम नव्हतं. खिडकीवरून 'बाहेरून घ्या' एवढंच उत्तर. एकदा बाहेरून घेतलं, मग राहिलं, मग काकांनीच ठरवलं की आता मी बरा आहे. पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी शेताचा एक तुकडा जवळजवळ विकला होता.

त्यांना परत ओपीडीत आणलं ते तिथल्या सोशल वर्कर बाईंनी. काका आले नाहीत हे त्यांच्या रजिस्टरमध्ये दिसलं आणि त्यांनी घरी फोन केला. एवढंच. पण तो फोन करायला काका कोण, काकू काय म्हणतात, शेताचा वाद काय आहे, हे ठाऊक असलेलं माणूस त्या खुर्चीवर असावं लागतं. या बाई आमच्याकडे चार वर्षं होत्या. नंतर त्यांना एका खासगी कंपनीत नोकरी लागली. त्यांना दोष देण्यात काय अर्थ आहे? त्यांची नेमणूक कंत्राटी होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. दरवर्षी मार्च आला की जीव टांगणीला.

ही कंत्राटी पद्धत आरोग्य अभियानाच्या बहुतेक पदांना आहे. कायम करा या मागणीसाठी महाराष्ट्रातल्या अभियान कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये दीर्घ संपही केला होता. इतर कामात कंत्राटी माणूस बदलला तर थोडी गैरसोय होते. मानसोपचारात उपचारच माणसाच्या ओळखीवर उभा असतो. रुग्णाने चार भेटींनंतर तोंड उघडलं आणि पाचव्या भेटीला समोर नवीन चेहरा आला, तर तो पुन्हा एकपासून सुरुवात करत नाही. तो येणं बंद करतो. म्हणून माझं मत असं की या खात्यात नोकरीची शाश्वती ही औषधाइतकीच उपचाराची गोष्ट आहे.

डॉक्टरांचं कोडं थोडं निराळं. सरकारी महाविद्यालयातून एमडी झालेल्याला बंधपत्राचं एक वर्ष द्यावं लागतं, ते तो देतो. पुढे? जिल्हा रुग्णालयात तो एकटा मनोविकारतज्ज्ञ. सकाळी शंभरभर केसपेपर, दुपारी अपंगत्वाचे दाखले, मध्येच कोर्टाची साक्ष, कारागृहाची भेट, शिवाय शवविच्छेदनाची आणि आपत्कालीन पाळी. सल्ला विचारायला शेजारी दुसरा तज्ज्ञ नाही, सुट्टी घेतली तर ओपीडी बंद. शहरात त्याचा वर्गमित्र दिवसाला वीस रुग्ण बघून तिप्पट कमावतो. पगारवाढीने थोडे टिकतील. पण एकटेपणा पगाराने जात नाही. एकाऐवजी दोन पदं एकाच जागी दिली तर टिकण्याची शक्यता वाढते, असं या कामातली माणसं सांगतात. सरकार मात्र पदं पसरवून देतं, प्रत्येक ठिकाणी एकेक, म्हणजे नकाशावर सगळे जिल्हे रंगवलेले दिसतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची तर मुळातच टंचाई. एमए सायकॉलॉजी झालेली मुलं-मुली महाराष्ट्रात ढिगाने आहेत. पण क्लिनिकल म्हणून नोंदणी व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला, रुग्णालयात राहून करायचा अभ्यासक्रम लागतो, आणि वर्षानुवर्षं तो म्हणजे दोन वर्षांचं एमफिल. एका केंद्रात जागा मोजक्या. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने एमफिलच बंद केलं. मग लक्षात आलं की या दोन विषयांचं, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कचं, काय करायचं? २०२४ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने या दोघांपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. दहा वर्षांत माणसं उभी करा म्हणणारा कायदा एकीकडे आणि ती तयार करणारी पदवीच बंद करणारं धोरण दुसरीकडे. एका हाताला दुसऱ्याचा पत्ता नाही.

खालच्या पायरीवर, प्राथमिक आरोग्य केंद्रातला एमबीबीएस डॉक्टर तरी हे काम करेल ना? करू शकतो, बेल्लारीत तेच दिसलं होतं. पण त्याच्या शिक्षणात मानसोपचाराची स्वतंत्र परीक्षा नसते, तो विषय मेडिसिनच्या पोटात. जो विषय परीक्षेत नाही तो विद्यार्थी किती वाचतो हे वेगळं सांगायला नको.

व्यसनांची गोष्ट जाता जाता. अमेरिकेत मानसिक आजार आणि व्यसन या दोन्हींना मिळून 'बिहेवियरल हेल्थ' म्हणतात, आणि अनेक राज्यांत दोन्हींचं एकच खातं असतं. आपल्याकडे मानसिक आजार आरोग्य खात्याकडे, आणि अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रं बरीचशी सामाजिक न्याय खात्याकडे. नैराश्याने पिणारा आणि पिऊन नैराश्यात जाणारा माणूस एकच असतो. त्याला मात्र दोन खात्यांच्या दोन रांगा.

गोव्याने आणि अमरावतीने काय दाखवलं

या सगळ्यात मला आशा वाटते ती एका जुन्या प्रयोगामुळे, आणि तो आपल्या शेजारीच झालेला आहे.

गोव्यात १९९६ पासून संगाथ ही संस्था काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे एक चाचणी घेतली, 'मानस' नावाची. १२ सरकारी आरोग्य केंद्रं, १२ खासगी दवाखाने, मिळून २,७९६ रुग्ण. नैराश्य आणि चिंता यांवरचा उपचार तिथे प्रामुख्याने स्थानिक समुपदेशकांनी करायचा. या बायांना आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नव्हती, थोडक्या काळाचं प्रशिक्षण होतं. डॉक्टर औषध देणार, अवघड रुग्णासाठी मनोविकारतज्ज्ञ मागे उभा. निकाल २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशकांकडचे साधारण ६६ टक्के रुग्ण बरे झालेले दिसले, नेहमीची सेवा घेणाऱ्यांतले साधारण ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा तपशील. सरकारी केंद्रात, जिथे सगळं वाईटच असतं असं आपण धरून चालतो, तिथेच एका शिकवलेल्या माणसाने एवढा फरक पाडला. पुढे संगाथने नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींचा साधा उपचार गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत तपासला. रुग्णाने दिवसात काय करायचं हे त्याच्यासोबत ठरवणं, एकेक छोटं काम परत सुरू करणं, असं त्याचं स्वरूप. तोही लागू पडला.

महाराष्ट्रातला अनुभव अमरावती जिल्ह्यातला. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायचं, ओळखायचं, समुपदेशकापर्यंत न्यायचं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत हे छापून आलं. नाशिक जिल्ह्यातला पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचा (आयएलएस) 'आत्मीयता' हाही असाच, गावातल्या माणसांना 'मित्र' करणारा उपक्रम. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९८६ साली, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेले लोकच पुढे समुपदेशक होतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी अशा बऱ्या झालेल्यांच्या मदतीला सरकारी विम्यातून मोबदला द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं फार कौतुक झालं. पुण्याला ती रीत तोवर चांगली रुळलेली होती. फरक एवढाच की जॉर्जियात त्याला सरकारी पैशाची ओळ मिळाली.

या प्रयोगांचा सोयीस्कर अर्थ काढणारेही आहेत, त्यांच्यापासून सावध राहावं. 'म्हणजे डॉक्टर नकोच, आशाताईच करतील!' आशाताईंच्या डोक्यावर आधीच लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणं आणि अॅप आहेत. २०१५ पासून मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्पात शेतकरी कुटुंबांतलं नैराश्य ओळखायचं कामही त्यांच्याकडेच आलं. ओळखणं हे एक काम, उपचार हे वेगळं काम, आणि दुसऱ्यासाठी वेगळा पगार आणि वेगळं माणूस लागतं. गोव्यातल्या समुपदेशकांना नियमित देखरेख होती. त्यांच्या बैठकी कुणीतरी ऐकत होतं, चुका दाखवत होतं. देखरेख काढून टाकली की उरतो तो नुसता दिलासा. आणि स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र आजाराला मनोविकारतज्ज्ञ लागतोच, तिथे पर्याय नाही. समुपदेशकाने सौम्य रुग्ण सांभाळले तर त्या तज्ज्ञाचा वेळ अशा रुग्णांसाठी मोकळा होतो, हे त्याचं खरं गणित.

मग आधी काय करावं

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे कुठे किती माणसं आजारी आहेत याचा आपला स्वतःचा आकडाच त्या सर्वेक्षणातून मिळाला नाही. नियोजन करायचं ते शेजाऱ्याच्या मापाने.

मला विचाराल तर नव्या इमारती सगळ्यात शेवटी. पहिला पैसा औषधांच्या अखंड पुरवठ्यावर. दहा-बारा स्वस्त औषधं, जिल्ह्यापासून प्राथमिक केंद्रापर्यंत, बाराही महिने. दुसरा पैसा कंत्राटी सोशल वर्कर, सायकॉलॉजिस्ट आणि नर्स यांना किमान पाच वर्षांची, शक्य असेल तर कायम नेमणूक देण्यावर. तिसरा, प्रत्येक तालुक्यात शिकवलेले समुपदेशक आणि त्यांच्यावर देखरेख करणारं जिल्ह्यातलं पथक. आणि वर्षाचा पैसा एप्रिलमध्येच जिल्ह्याच्या हाती पडावा. यासाठी कायदाही लागत नाही.

मोठ्या इस्पितळांतला एक पैसा मात्र लगेच मोकळा करता येतो. येरवड्यापासून रत्नागिरीपर्यंत चारही ठिकाणी बरे झालेले पण घरच्यांनी नेलेच नाहीत असे रुग्ण आहेत. काहींची उभी हयात तिथे गेली. कायद्याचं कलम १९ सांगतं की घर नाही किंवा कुटुंब घ्यायला तयार नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी समाजात राहण्याची सोय सरकारने करायची. रत्नागिरीत चेन्नईच्या बॅन्यन संस्थेने 'होम अगेन' या उपक्रमात अशा काहींना साध्या भाड्याच्या घरांत, चार-पाच जणांच्या गटात, एका मदतनिसासह राहायला दिलं. बाजारहाट, स्वयंपाक, गणपतीला शेजारच्यांकडे जाणं. इस्पितळातल्या खाटेवर दरवर्षी जो खर्च होतो, त्याचा चांगला उपयोग तो हाच.

आणि कलम १८ मध्ये एक तरतूद आहे जी वकिलांनाही कधी कधी ठाऊक नसते: ठरवून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात सरकारी ठिकाणी नसतील, तर माणसाने जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा. ती वापरली जात नाही. वापरली गेली असती तर अर्थखात्याला रिकाम्या पदाची किंमत कळली असती. आज पद रिकामं ठेवणं सरकारला स्वस्त पडतं. ते महाग पडायला लागलं की जाहिरात लवकर निघेल.

तोवर एक काम आपल्याला करता येतं. माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे अर्ज करा, शुल्क दहा रुपये. विचारायचं एवढंच: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामं प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे, गेल्या तीन वर्षांत पैसे कोणत्या महिन्यात आले आणि किती परत गेले, आणि लिथियम, रिस्पेरिडोन, फ्लुओक्सेटिन ही तीन औषधं वर्षातले किती दिवस शिल्लक नव्हती. उत्तराला तीस दिवस लागतात. मी आमच्या जिल्ह्यासाठी अर्ज टाकला आहे. काकांच्या खुर्चीसमोर सध्या एक नवीन मुलगा बसतो, चांगला आहे, काकांना 'आजोबा' म्हणतो. त्याची ऑर्डर फेब्रुवारीत संपते.